इब्न तैमियांनी इमामांचे प्रामाण्य नाकारले; ग्रंथाचे का नाही?

गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर एक नाव अधूनमधून फिरताना आम्ही पाहतो. ते नाव म्हणजे इब्न तैमिया. एका बाजूचे लोक त्यांना 'दहशतवादाचा जनक' ठरवतात आणि त्या एका नावाच्या आधारे आपल्या शेजारच्या गॅरेजवाल्यापासून बेकरीवाल्यापर्यंत सगळ्या मुसलमानांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. दुसऱ्या बाजूचे लोक त्यांना 'शैखुल इस्लाम' म्हणून डोक्यावर घेतात आणि त्यांच्याविषयी एक शब्दही ऐकून घेत नाहीत. त्यांनी काय लिहिले, कशासाठी तुरुंग भोगला, याची चौकशी करण्याची गरज दोन्ही बाजूंना वाटत नाही.

सातशे वर्षांपूर्वीच्या एका अरबी धर्मपंडिताशी आंबेडकरी चळवळीचा काय संबंध, असा प्रश्न आमचे काही वाचक विचारतील. संबंध आहे. धर्मग्रंथ, त्याचा अर्थ लावणारे पुरोहित आणि त्यांच्याखाली दबलेला माणूस या तिघांचे नाते हा आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न आहे. इब्न तैमियांनी या नात्याला हात घातला होता. ते कुठपर्यंत गेले आणि कुठे थांबले, हे समजून घेतले तर बाबासाहेबांनी धर्मसुधारणेची कोणती वाट नाकारली आणि का नाकारली, हेही अधिक स्पष्ट होते.

निर्वासित मुलगा, तुरुंगातला म्हातारा

इब्न तैमियांचा जन्म 1263 मध्ये हर्रान येथे झाला. हे गाव आज तुर्कस्तानात आहे. त्याच्या पाचच वर्षे आधी, 1258 मध्ये, मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले होते आणि खलिफाला ठार मारले होते. 1269 च्या सुमारास मंगोलांच्या भीतीने या कुटुंबाने हर्रान सोडून दमास्कस गाठले. तेव्हा इब्न तैमिया सहा-सात वर्षांचे होते. आजोबा आणि वडील दोघेही हंबली पंथाचे विद्वान होते. वडिलांच्या मृत्यूनंतर विशीतच ते त्यांच्या जागी शिकवू लागले.

त्या वेळी सीरिया आणि इजिप्तवर मामलुकांचे राज्य होते. इस्लामी कायद्याचे हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली असे चार पंथ तेव्हा स्थिरावले होते आणि सुलतानाने चारही पंथांचे चार मुख्य काझी नेमले होते. सामान्य माणसाने आपल्या पंथाच्या इमामाने सांगितले तसे वागायचे, काझीने आपल्या पंथाच्या पुस्तकाप्रमाणे निकाल द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. इमामाच्या मागे असे प्रमाण न विचारता जाण्याला 'तकलीद' म्हणतात.

इब्न तैमियांनी या व्यवस्थेच्या मर्मावर बोट ठेवले. इमाम थोर होते हे त्यांना मान्य होते. इमामांच्या समर्थनार्थ त्यांनी स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली. पण इमाम चुकू शकतो, त्याच्यापर्यंत एखादी हदीस पोहोचलेली नसू शकते, म्हणून एकाच इमामाला जन्मभर बांधून घेणे कोणावरही बंधनकारक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला अभ्यास आहे त्याने थेट कुरआन आणि हदीसकडे जावे, पुरावा तपासावा आणि मग बोलावे.

या भूमिकेची आणि आपल्या इतर मतांची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. कैरो, अलेक्झांड्रिया, दमास्कस असे तुरुंगवास त्यांच्या वाट्याला वारंवार आले. जुलै 1326 मध्ये त्यांना दमास्कसच्या किल्ल्यात शेवटचे कैद केले गेले. केवळ कबरींच्या दर्शनासाठी यात्रा करणे धर्माला धरून नाही, हे त्यांचे मत त्याला कारण ठरले. किल्ल्यातही ते लिहीत राहिले. शेवटी त्यांचे कागद, दौत आणि लेखण्या काढून घेण्यात आल्या, तेव्हा त्यांनी कोळशाने लिहिले. 26 सप्टेंबर 1328 रोजी त्याच किल्ल्यात ते वारले.

लेखणी हिसकावून घेणारी सत्ता कोणत्याही धर्माची असो, आम्ही तिचा निषेधच करू. ज्याची लेखणी हिसकावली गेली त्याचे प्रत्येक मत मात्र त्यामुळे आपोआप बरोबर ठरत नाही.

त्यांच्या अंत्ययात्रेला दमास्कस लोटले होते. त्यांचे शिष्य आणि इतिहासकार इब्न कथीर यांनी नोंदवले आहे की, त्यांच्या देहाला घातलेल्या स्नानाचे उरलेले पाणी काही लोक तीर्थासारखे प्यायले. व्यक्तिपूजेविरुद्ध आणि कबरपूजेविरुद्ध जन्मभर लिहिणाऱ्या माणसाच्या वाट्याला शेवटी हे आले. त्यांना पुरले तेही सूफींच्या दफनभूमीत! महापुरुषाचा विचार बाजूला ठेवून त्याच्या देहाची पूजा करण्याचा रोग एकट्या आपल्या देशाचा नाही.

तीन तलाक : सातशे वर्षांपूर्वीचा खटला

इब्न तैमियांच्या ज्या मताचा आपल्या देशाशी सरळ संबंध येतो, ते तलाकविषयी आहे. नवऱ्याने एका दमात तीनदा तलाक म्हटले की लग्न कायमचे तुटले, असे चारही पंथांचे प्रस्थापित मत होते. इब्न तैमियांनी ते नाकारले. प्रेषितांच्या काळात, पहिल्या खलिफाच्या काळात आणि दुसरे खलिफा उमर यांच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बैठकीतले तीन तलाक एकच धरले जात, अशी नोंद हदीसच्या मान्य संग्रहात आहे. तिच्या आधारे त्यांनी सांगितले की, तीनदा म्हटले काय आणि शंभरदा म्हटले काय, तो एकच तलाक होय. नवऱ्याला मुदतीत तो मागे घेता येतो.

त्याला जोडून आणखी एक प्रश्न होता. त्या काळी लोक तलाकची शपथ घेत. 'मी अमुक केले तर माझ्या बायकोला तलाक' असे बाजारातल्या सौद्यापासून सत्तेशी निष्ठेच्या शपथेपर्यंत सर्रास म्हटले जाई. शपथ मोडायची नवऱ्याने आणि संसार मोडायचा बायकोचा! इब्न तैमियांनी सांगितले की, अशी शपथ मोडली तर शपथ मोडल्याचे प्रायश्चित्त नवऱ्याने घ्यावे, लग्नाला धक्का लागत नाही. निष्ठेच्या शपथांचा धाकच त्यामुळे जात होता, म्हणून सत्तेला हे मानवले नाही. 1318 मध्ये या विषयावर फतवा देण्यास त्यांना सुलतानाने मनाई केली. ते थांबले नाहीत. 1320 मध्ये त्यांना पाच महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात टाकले गेले. तलाक झालेल्या बाईचे पहिल्या नवऱ्याशी पुन्हा लग्न लावता यावे म्हणून मधे दुसरा नवरा नावापुरता उभा करायचा, या हलालाच्या प्रथेविरुद्धही त्यांनी एक ग्रंथ लिहिला.

हे मत त्यांच्याबरोबर मेले नाही. 1929 मध्ये इजिप्तने कायदा करून एका बैठकीतले तीन तलाक एकच धरावे असे ठरवले. भारतात अहले हदीस पंथाचे लोक हेच मत मानत आले आहेत. म्हणजे ज्यांना 'कट्टर' म्हणून हिणवले जाते त्यांच्यात तोंडी तीन तलाकने संसार एका क्षणात मोडत नव्हता. तो मोडत होता जिथे परंपरेने चालत आलेल्या इमामाच्या शब्दाला हात लावायचा नाही असे ठरले होते तिथे. मुस्लिम समाजाला एकसंध ठोकळा समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

मार्दिनचा फतवा आणि एका शब्दाची चूक

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर आम्हीही भक्तच ठरू.

मंगोल राजा गझन याने 1295 मध्ये इस्लाम स्वीकारला आणि पुढे सीरियावर स्वाऱ्या केल्या. मुसलमान झालेल्या राजाशी लढावे की नाही, असा पेच लोकांपुढे पडला. इब्न तैमियांचे उत्तर होते : तोंडाने कलमा म्हणणारा, पण इस्लामचे ठळक कायदे न पाळता मंगोलांचा यासा पाळणारा जो गट आहे, त्याच्याशी लढलेच पाहिजे. 1303 मध्ये दमास्कसजवळच्या शक्हबच्या लढाईत ते स्वतः हजर होते.

परचक्र आलेल्या देशातील एका निर्वासिताचे हे उत्तर होते. साडेसहाशे वर्षांनंतर इजिप्तमधील अब्दुस्सलाम फरज याने हेच फतवे उचलले आणि 'आजचे आपले राज्यकर्ते म्हणजे ते मंगोलच' असे समीकरण मांडणारी पुस्तिका लिहिली. 6 ऑक्टोबर 1981 रोजी अध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या झाली ती फरजच्या गटाकडून. आपल्याला वारंवार तुरुंगात टाकणाऱ्या मामलुक सुलतानाविरुद्ध इब्न तैमियांनी कधी शस्त्र उचलायला सांगितले नव्हते. अन्यायी सुलतानाविरुद्धच्या सशस्त्र बंडाला त्यांची मान्यताच नव्हती. फरजने ही गोष्ट सोयीस्करपणे सोडून दिली.

मार्दिनच्या फतव्याची कथा तर आणखी बोलकी आहे. मार्दिन या गावात प्रजा मुसलमान, पण सत्ता मंगोलांच्या मांडलिकांची. हा मुलुख शांततेचा मानावा की युद्धाचा, असे कोणी विचारले. इब्न तैमियांनी उत्तर दिले की तो तिसऱ्याच प्रकारचा आहे. तिथल्या मुसलमानाशी त्याच्या हक्काप्रमाणे वागावे आणि शरियतच्या बाहेर गेलेल्याशी त्याच्या योग्यतेप्रमाणे 'वागावे'. छापील आवृत्तीत या शेवटच्या ठिकाणी अरबी शब्दातली अक्षरे बदलली आणि 'वागावे'चे 'लढावे' झाले. 2010 मध्ये मार्दिन येथेच भरलेल्या परिषदेत विद्वानांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे ही चूक जगापुढे मांडली. तोपर्यंत या एका शब्दाचा आधार घेऊन कितीतरी जणांनी हिंसेचे समर्थन केले होते.

मग सगळा दोष छापखान्याचा आणि फरजसारख्यांचा म्हणून इब्न तैमियांना निर्दोष सोडायचे का? आमचे उत्तर नाही असे आहे. सीरियातील नुसैरी, म्हणजे आजचे अलवी, यांच्याविषयीचा त्यांचा फतवा छपाईची चूक नाही. त्यात ते या संपूर्ण जमातीला इस्लामबाहेर काढतात आणि तिच्याशी लढणे योग्य ठरवतात. लेबनॉनच्या किसरवान डोंगराळ भागातील शिया व इतर पंथीयांवर 1305 मध्ये मामलुकांनी जी मोहीम केली, तिला त्यांचा सक्रिय पाठिंबा होता. दुसरीकडे, मंगोलांच्या तावडीतील कैद्यांची सुटका मागताना त्यांनी मुसलमानांबरोबर ज्यू आणि ख्रिस्ती कैद्यांचीही सुटका मागितली. आपल्या हाडवैरी काझींना मारण्यासाठी सुलतानाला फतवा हवा होता, तो द्यायला त्यांनी नकार दिला. एकाच माणसात हे सगळे आहे. गौरव करणारे अर्धे सांगतात, बदनामी करणारे उरलेले अर्धे सांगतात.

बदनामीवरून आठवले. प्रवासी इब्न बतूता, जो पुढे दिल्लीत मुहम्मद तुघलकाचा काझी झाला आणि आपल्या दौलताबादलाही येऊन गेला, त्याने लिहून ठेवले की, इब्न तैमिया व्यासपीठाची पायरी उतरले आणि 'ईश्वर असाच खाली उतरतो' म्हणाले, हे आपण दमास्कसमध्ये पाहिले. पण इब्न बतूता ऑगस्ट 1326 मध्ये दमास्कसला पोहोचला आणि इब्न तैमिया जुलैपासून किल्ल्यात कैद होते! न पाहिलेले 'पाहिले' म्हणून सांगण्याची कला व्हॉट्सॲपने शोधलेली नाही.

अर्धी वाट

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. इब्न तैमियांनी मधल्या पुरोहिताला बाजूला सारले. त्यातून तीन तलाकसारख्या प्रश्नावर स्त्रीला दिलासा मिळाला. त्याच पद्धतीतून नुसैरींविषयीचा फतवाही निघाला. असे का झाले?

आमच्या मते याचे कारण असे : त्यांनी प्रामाण्य नष्ट केले नाही, त्याची जागा बदलली. इमामाच्या हातातले प्रामाण्य काढून ते त्यांनी ग्रंथाला आणि पहिल्या तीन पिढ्यांना दिले. अंतिम कसोटी माणसाचे दुःख, माणसाची समता ही नव्हती. ग्रंथात काय आहे ही होती. ग्रंथाच्या आधाराने जे सुटेल ते सुटेल, जे बांधले जाईल ते बांधले जाईल. तीन तलाकचा एक तलाक झाला, पण तलाक उच्चारण्याचा अधिकार नवऱ्याकडेच राहिला. गुलामगिरी ग्रंथांनी गृहीत धरलेली म्हणून तिला त्यांनी हात लावला नाही.

समतेच्या बाबतीतही हेच दिसते. लग्नात वधूवरांची बरोबरी कशात पाहायची, याविषयी हनफी पंथात कुळ आणि धंदाही पाहिला जाई. इब्न तैमियांचे पट्टशिष्य इब्न कय्यिम यांनी ग्रंथाच्याच आधारे सांगितले की, बरोबरी फक्त धर्मनिष्ठेत पाहावी. हे पाऊल मोठेच आहे. पण आपल्या देशात काय झाले? अशराफ, अजलाफ, अरजल हे भेद राहिलेच. बाबासाहेबांनी 'पाकिस्तान' विषयीच्या आपल्या ग्रंथात 1901 च्या जनगणना अहवालाच्या आधारे मुस्लिम समाजातील ही जातवार उतरंड मांडली आहे. ग्रंथात समता सापडणे आणि समाजात समता येणे यांत फार मोठे अंतर असते, हे पसमांदा आणि मुस्लिम ओबीसी चळवळीला आम्ही सांगण्याची गरज नाही.

लाहोरचे न झालेले भाषण

'मूळ ग्रंथाकडे चला' ही हाक आपल्याकडेही दिली गेली. दयानंद सरस्वतींनी पुराणे नाकारली, मूर्तिपूजा नाकारली, भटजींची मक्तेदारी नाकारली आणि वेदांकडे चला म्हणून सांगितले. धर्म वेगळा, काळ वेगळा. पण रचना तीच. मधले सगळे खोटे, मूळ तेवढे खरे.

या वाटेची मर्यादा 1936 मध्ये लाहोरला उघडी पडली. आर्य समाजाच्या विचारातून निघालेल्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले होते. मंडळ जातीविरुद्ध होते, सहभोजन आणि आंतरजातीय विवाहाच्या बाजूचे होते. पण बाबासाहेबांच्या लिखित भाषणात वेद आणि शास्त्रांच्या प्रामाण्यावर घाव होता. मंडळाला तो मजकूर नको होता. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. ते न झालेले भाषण म्हणजे 'जातीचे निर्मूलन'. शास्त्रांचा अर्थ नीट लावला की जात जाईल, असे सांगणाऱ्यांना त्यात बाबासाहेबांनी बजावले आहे : शास्त्रांचा व्याकरणशुद्ध अर्थ काय हा प्रश्न नाही, लोक त्यांना पवित्र मानतात हा प्रश्न आहे; म्हणून ते पावित्र्यच नष्ट केले पाहिजे. त्याआधी नऊ वर्षे, 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली तीही याच विचाराने.

सर्वोच्च न्यायालयातील दोन वाटा

हा फरक केवळ पुस्तकी नाही. 22 ऑगस्ट 2017 रोजी शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तीन तलाक रद्द केला. बहुमतातील तीन न्यायमूर्तींचे तर्क मात्र एक नव्हते. न्या. कुरियन जोसेफ यांनी म्हटले की, जे कुरआनला धरून नाही ते शरियतमध्ये योग्य ठरू शकत नाही. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी म्हटले की, ही प्रथा मनमानी आहे, म्हणून संविधानाच्या कलम 14 चा भंग करते. पहिली वाट इब्न तैमियांच्या वाटेशी जुळणारी आहे. दुसरी बाबासाहेबांच्या संविधानाची आहे. निकाल एकच आला. पण उद्या एखाद्या प्रश्नावर ग्रंथ स्त्रीच्या बाजूने बोलला नाही तर? पहिल्या वाटेने जाणाऱ्याला तिथे थांबावे लागेल. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याला थांबावे लागणार नाही.

आमच्या महाराष्ट्राने ही दुसरी वाट आधीच पाहिली होती. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईच्या विधानभवनावर मोर्चा काढला. त्या सात जणींनी नागरिक म्हणून हक्क मागितला. कोणता इमाम बरोबर हे विचारायला त्या गेल्या नव्हत्या.

इथे एक आक्षेप येईल. ज्या समाजाचा ग्रंथावर विश्वास आहे त्याच्याशी ग्रंथाच्या भाषेत बोललेच पाहिजे, नाहीतर तो ऐकणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. हिंदू कोड बिलावर बोलताना बाबासाहेबांनीही विरोधकांना शास्त्रांचे दाखले दिले आणि काडीमोड तर बहुसंख्य शूद्र जातींत रूढीने चालतच आला आहे, हे दाखवले. पण ते दाखले विरोधकांचे तोंड बंद करण्यासाठी होते. शास्त्रात आधार नाही म्हणून त्यांनी कधी हक्क सोडला नाही. अहले हदीसच्या मताचा उपयोग करून एखाद्या बाईचा संसार वाचत असेल तर तो जरूर करावा, पण तिच्या हक्काचा पाया तो समजू नये.

आणि जे सरकार मुस्लिम भगिनींच्या कळवळ्याने 2019 मध्ये नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात पाठवणारा कायदा करते, त्याला आमचा साधा प्रश्न आहे. न सांगता बायको टाकून देणाऱ्या हिंदू नवऱ्यासाठी असा तुरुंग का नाही? समतेचा कायदा सर्वांना समान हवा. एकाच समाजाकडे रोखलेली समता ही समता नसते.

आणि आपण?

शेवटी आपल्या घरात डोकावू. तकलीद फक्त मुसलमानांत असते का? आपल्या सभांमध्ये 'बाबासाहेबांनी सांगितले आहे' एवढे म्हटले की चर्चा संपते. कुठे सांगितले, कोणत्या संदर्भात सांगितले, आजच्या परिस्थितीला ते कसे लागू होते, हे विचारणाऱ्या तरुणाला गद्दार म्हटले जाते. गटागटाचे इमाम तयार झाले आहेत आणि प्रत्येकाच्या हातात बाबासाहेबांचे एकेक वाक्य आहे. मागचापुढचा मजकूर कापलेले वाक्य काय करू शकते, हे मार्दिनच्या एका शब्दावरून आपण पाहिलेच. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला होता. तो इशारा त्यांच्या भक्तांनाही लागू आहे. बुद्धाने आपल्या धम्मात स्वतःसाठी कोणतेही अढळ स्थान राखून ठेवले नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले.

म्हणून इब्न तैमियांचे नाव पुढे करून कोणी आपल्याला मुसलमानांचा द्वेष करायला सांगितले तर त्याला बळी पडू नका. कोणी त्यांना प्रश्नांच्या पलीकडे नेऊन बसवले तर तेही मान्य करू नका. ज्याने इमामांना प्रश्न विचारला त्याला प्रश्न विचारणे हा त्याचा अपमान होत नाही. त्यांनी सुरू केलेली वाट ग्रंथापाशी थांबली. ती माणसापर्यंत नेण्याचे काम हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो, प्रत्येक समाजात अजून बाकी आहे.

जय भीम!